३,२१,५०,३१,७५१ : मूळ ठरवली गेलेली एक संयुक्त संख्या

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शैक्षणिक गणनसाधनाचे आहे. ते कोणी बनवले आणि कुठे वापरले जाते हे इथे दिलेले नाही, आणि माणसांचा उल्लेख त्यांच्या कामापुरताच केला आहे. संख्या मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. ती लपवली तर प्रकरणात सांगण्यासारखे काही उरत नाही.

साधनाचे काम सोपे आहे. अठरा अंकांपर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या द्यायची आणि साधन तिचा परिचय देणारे एक पान तयार करते. संख्या मूळ की संयुक्त, तिचे मूळ अवयव कोणते, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, अशा ओळी त्या पानावर असतात. संख्या मूळ निघाली तर शेवटी एक शोभेची ओळ येते : सर्वात लहान प्रिमिटिव्ह रूट. म्हणजे असा सर्वात लहान पाया, ज्याचे घात घेत गेले की १ पासून (संख्या वजा १) पर्यंतची प्रत्येक बाकी एकदा तरी मिळते.

देखभाल तिघांकडे होती : एक प्रोग्रामर, गणिताची बाजू पाहणारी एक सहकारी आणि पानांवरचा मजकूर सांभाळणारा संपादक.

मूळपणाची तपासणी दोन टप्प्यांत चाले. आधी १०० च्या आतल्या २५ मूळ संख्यांनी भागून पाहायचे. त्यातून सुटलेल्या संख्येवर मिलर–राबिन कसोटी लावायची. या कसोटीच्या मुळाशी फर्माचे प्रमेय आहे : संख्या मूळ असेल, तर तिने भाग न जाणाऱ्या कोणत्याही पायाचा (संख्या वजा १) वा घात त्या संख्येने भागला की बाकी १ उरते. उलट दिशेने हे खरे नाही. ३४१ म्हणजे ११ × ३१, तरी पाया २ घेतला की बाकी १ च येते. मिलर (१९७६) आणि राबिन (१९८०) यांच्या नावाची कसोटी म्हणून आणखी खोलात जाते. बाकी १ आली एवढ्यावर ती समाधान मानत नाही, तर घातांक निम्मा निम्मा करत त्या १ ची वर्गमुळे तपासते. संख्या मूळ असेल तर १ ला १ आणि उणे १ (म्हणजे ‘संख्या वजा १’ ही बाकी) एवढीच वर्गमुळे असतात. तिसरे काही दिसले, की संख्या संयुक्त.

एकच पाया घेतला तर ही कसोटीसुद्धा फसते. पण ठरावीक मर्यादेच्या आत ठरावीक पाये घेतले तर ती कधीच फसत नाही, हे संगणकाने संपूर्ण शोध घेऊन सिद्ध झालेले आहे. २०४७ च्या खाली पाया २ पुरतो. १३,७३,६५३ च्या खाली २ आणि ३ पुरतात. २,५३,२६,००१ च्या खाली २, ३, ५ आणि ३,२१,५०,३१,७५१ च्या खाली २, ३, ५, ७. हा तक्ता पुढेही जातो, आणि अठरा अंकांच्या आत एकूण सात सीमा येतात. प्रोग्रामरने तोच तक्ता वापरला होता. संख्या ज्या सीमेच्या आत बसेल त्या ओळीतले पाये घ्यायचे आणि सगळे उत्तीर्ण झाले तर ‘मूळ’ असे छापायचे, अशी रचना होती.

अडचण

संख्यासिद्धांत आवडीने शिकणाऱ्या एका वापरकर्तीने अशा तक्त्यांत येणारे आकडे साधनात घालून पाहायला सुरुवात केली. ३,२१,५०,३१,७५१ दिल्यावर मिळालेल्या पानाचा मथितार्थ असा होता : संख्या मूळ आहे, विभाजक २, विभाजकांची बेरीज ३,२१,५०,३१,७५२, सहमूळ संख्या ३,२१,५०,३१,७५०, दोन वर्गांची बेरीज होत नाही, सर्वात लहान प्रिमिटिव्ह रूट १५१.

तिला शंका आली ती शेवटच्या ओळीची. एवढ्या आकाराच्या मूळ संख्यांचा सर्वात लहान प्रिमिटिव्ह रूट सहसा २, ३, ५, ७ असाच कुठेतरी असतो. १५१ कसा आला, एवढेच तिने विचारले. संख्या मूळ आहे याबद्दल तिची तक्रार नव्हतीच.

प्रोग्रामरने तक्ता पाहिला, पायांची यादी पाहिली आणि उत्तर पाठवले, “मोठा प्रिमिटिव्ह रूट विरळ असतो, पण अशक्य नाही.” उत्तर खरे होते. प्रश्न बंद झाला.

माझ्या दृष्टीने प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच आहे. इथे कोणी खोटे बोलले नाही, कोणी आळसही केला नाही. ‘अशक्य नाही’ हे विधान सर्वसाधारण मूळ संख्यांबद्दल बरोबर होते, पण विचारलेला प्रश्न या एका संख्येबद्दल होता. १५१ ने भागून पाहायला कागदावर मिनिटभरसुद्धा लागले नसते. ते सुचले नाही याचे कारण उघड आहे : पानाच्या पहिल्याच ओळीत ‘मूळ’ असे छापलेले असताना भागून कोण पाहील?

गणित पाहणारी सहकारी बंद झालेले प्रश्न अधूनमधून चाळत असे. तिने वेगळा मार्ग घेतला. प्रिमिटिव्ह रूट शोधताना प्रोग्राम (संख्या वजा १) चे मूळ अवयव काढतो. इथे ते असे येतात :

३,२१,५०,३१,७५० = २ × ३ × ३ × ३ × ३ × ५ × ५ × ५ × ७ × ३७ × ६१३

मग प्रत्येक उमेदवारासाठी यातला एकेक मूळ अवयव घेऊन घातांक तेवढ्या पटीने लहान करायचा. बाकी १ आली तर उमेदवार बाद. २ ते १५० हे १४९ उमेदवार नेमके कोणत्या अवयवापाशी बाद झाले, हे तिने छापून घेतले. सगळेच्या सगळे ३७ पाशी बाद होत होते. ६१३ पाशीही सगळे बाद.

संख्या खरोखर मूळ असती तर ३७ पाशी साधारण दर ३७ उमेदवारांमागे एक बाद झाला असता आणि ६१३ पाशी दर ६१३ मागे एक. १४९ पैकी १४९ हा योगायोग नव्हे. अवयव हाती लागण्याआधीच तिला खात्री पटली, की ही संख्या मूळ नाही. मग तिने १५१ ने भागले. भागाकार २,१२,९१,६०१, बाकी शून्य.

संख्येच्या आत काय आहे

पूर्ण अवयव असे आहेत :

३,२१,५०,३१,७५१ = १५१ × ७५१ × २८,३५१

तिन्ही अवयव १५० च्या पटीपेक्षा एकने मोठे आहेत : १५० × १ + १, १५० × ५ + १ आणि १५० × १८९ + १. प्रत्येकातून १ वजा करून येणाऱ्या १५०, ७५० आणि २८,३५० या तिन्ही संख्यांनी ३,२१,५०,३१,७५० ला निःशेष भाग जातो. कोर्सेल्टने १८९९ मध्ये दिलेली अट हीच, आणि ती पाळणाऱ्या संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. त्यांतली सर्वात लहान ५६१, म्हणजे ३ × ११ × १७. कारमायकेल संख्या फर्माच्या कसोटीला, तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायावर, दाद देत नाही.

सगळे उमेदवार ३७ पाशी का पडले तेही यातूनच कळते. १५०, ७५० आणि २८,३५० यांचा लसावि १,४१,७५० येतो. या संख्येशी सहमूळ असलेला कोणताही पाया १,४१,७५० व्या घाताला १ वर परततो. ३,२१,५०,३१,७५० म्हणजे १,४१,७५० × ३७ × ६१३. त्यातला ३७ काढला किंवा ६१३ काढला, तरी उरलेला घातांक १,४१,७५० च्या पटीतच राहतो. म्हणून बाकी नेहमी १.

मग १५१ कसा उत्तीर्ण झाला? तो संख्येचा अवयवच आहे. त्याच्या कोणत्याही घाताला १५१ ने भाग जातो, त्यामुळे बाकी १ येणे शक्यच नाही. प्रोग्राम ‘बाकी १ येत नाही ना’ एवढेच पाहत होता, आणि त्या एकाच कारणाने १५१ प्रत्येक पायरी पार करून गेला. साधनाने प्रिमिटिव्ह रूट म्हणून चक्क सर्वात लहान मूळ अवयव छापला होता.

राहिली मिलर–राबिन कसोटी. कारमायकेल संख्या फर्माला चकवतात, पण मिलर–राबिनला चार पायांवर चकवणे एवढे सोपे नाही. इथे आणखी एक जुळणी आहे. दिलेल्या संख्येला ४ ने भागले की बाकी ३ उरते, तिच्या तिन्ही अवयवांचीही तीच गत. त्यामुळे (संख्या वजा १) एकदाच निम्मी होते, १,६०,७५,१५,८७५ ही विषम संख्या येते आणि वर्गमुळे तपासायला पुढे वावच उरत नाही. कसोटी एका प्रश्नावर येऊन थांबते : पायाचा १,६०,७५,१५,८७५ वा घात १ किंवा उणे १ बाकी देतो का?

हा घातांक १५१, ७५१ आणि २८,३५१ या प्रत्येकाच्या (अवयव वजा १) च्या निम्म्याच्या विषम पटीत आहे. म्हणून प्रत्येक अवयवापुरती बाकी एकतर १ येते किंवा उणे १. पाया त्या अवयवाच्या दृष्टीने एखाद्या वर्गाची बाकी असेल तर १, नसेल तर उणे १. तिन्ही अवयवांचे उत्तर एकच आले तर संपूर्ण संख्येचेही तेच येते आणि कसोटी फसते. एकाने जरी वेगळे उत्तर दिले तर बिंग फुटते.

पाया २ : तिन्ही अवयवांना ८ ने भागून ७ उरतात, म्हणून तिन्हीकडे १. पाया ३ : तिन्हींना १२ ने भागून ७ उरतात, म्हणून तिन्हीकडे उणे १. पाया ५ : तिन्हीकडे १. पाया ७ : तिन्हीकडे उणे १. चारही पायांवर तिन्ही अवयव एका सुरात बोलतात. पाया ११ आला की सूर बिघडतो : १५१ पाशी १, पण ७५१ आणि २८,३५१ पाशी उणे १.

या बिघाडाचा उपयोगही होतो. ११ च्या त्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येचा आणि दिलेल्या संख्येचा मसावि काढला तर १५१ मिळतो. चार पायांना दाद न देणारी संख्या पाचव्या पायावर नुसती उघडी पडत नाही, स्वतःचा अवयवही हातात देते.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. राबिनने सिद्ध केले, की संयुक्त संख्या जास्तीत जास्त पाव पायांना चकवू शकते. बहुतेक संयुक्त संख्यांच्या बाबतीत हा वाटा पावापेक्षा पुष्कळच कमी असतो. इथे तीन अवयवांच्या उत्तरांच्या आठ शक्यतांपैकी दोनच फसव्या, म्हणजे सहमूळ पायांपैकी नेमके पाव : ७९,७३,४३,७५०. राबिनची मर्यादा ही संख्या जवळजवळ गाठते. पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८० मध्ये दाखवले, की २५ अब्जांच्या खाली २, ३, ५, ७ या चारही पायांना चकवणारी ही एकमेव संख्या आहे.

चूक नेमकी कुठे होती

तक्ता बरोबर होता, पायांची यादी बरोबर होती, घातांचे गणितही बरोबर होते. चूक एका चिन्हाची होती. प्रमेय ‘सीमेपेक्षा लहान’ असे सांगते. प्रोग्राममध्ये ‘लहान किंवा बरोबर’ असे लिहिलेले होते.

एरवी अशी एकाची चूक हजारांत एखाद्या ठिकाणी दिसते आणि तिथेही फारसे बिघडत नाही. या तक्त्यात तसे नाही. त्यातली सीमा कोणी सोयीसाठी निवडलेला गोल आकडा नाही. त्या पायांना चकवणारी पहिली संयुक्त संख्या म्हणजेच ती सीमा. म्हणून सीमेवरची संख्या आत घेतली की उत्तर चुकणारच, प्रत्येक ओळीत, न चुकता.

सहकारीने बाकीच्या सहाही सीमा तपासल्या. २०४७ म्हणजे २३ × ८९, ती पहिल्या टप्प्यातल्या भागाकारातच पकडली जात होती. उरलेल्या सगळ्या निसटत होत्या :

१३,७३,६५३ = ८२९ × १,६५७
२,५३,२६,००१ = २,२५१ × ११,२५१
२१,५२,३०,२८,९८,७४७ = ६,७६३ × १०,६२७ × २९,९४७
३४,७४,७४,९६,६०,३८३ = १,३०३ × १६,९२७ × १,५७,५४३
३४,१५,५०,०७,१७,२८,३२१ = १,०६,७०,०५३ × ३,२०,१०,१५७

यांतल्या १३,७३,६५३ च्या पानावर प्रिमिटिव्ह रूट ५ छापलेला होता. ५ पाहून कोणाला काय वाटणार? ती संख्या कारमायकेल नाही, म्हणून तिथे शोध अडखळला नाही आणि लहानसा, दिसायला अगदी रास्त आकडा येऊन बसला. वापरकर्तीने ही संख्या आधी घातली असती तर तिला काहीच खटकले नसते.

आधीच्या चाचण्यांत हे का दिसले नाही, हा प्रश्न संपादकाने विचारला आणि तो योग्य होता. चाचणीच्या यादीत मूळ संख्या भरपूर होत्या, ५६१, ११०५ आणि १७२९ या कारमायकेल संख्याही होत्या. पण या तिन्हींचे सगळे अवयव १०० च्या आतले. त्या पहिल्याच टप्प्यात बाद होत. यादीतली एकही संयुक्त संख्या मिलर–राबिनपर्यंत पोचतच नव्हती. त्या भागाची चाचणी फक्त मूळ संख्यांवर झाली होती, आणि मूळ संख्येवर ही कसोटी कधी चुकतच नाही.

विचारात घेतलेले पर्याय

प्रोग्रामरचा पहिला कल चिन्ह दुरुस्त करून मोकळे होण्याकडे होता. एका अक्षराचा बदल, गणिताच्या दृष्टीने पूर्ण. त्याचे म्हणणे असे, की अठरा अंकांपर्यंतच्या सगळ्या संख्यांत फक्त सहा उत्तरे चुकत होती. ती सुधारली की काम संपले.

सहकारीचा आक्षेप दुरुस्तीला नव्हता, ‘फक्त सहा’ या मापाला होता. या सहा संख्या यादृच्छिक नाहीत. कसोटीच्या प्रत्येक तक्त्यात त्याच छापलेल्या असतात, आणि कुतूहलाने काही घालून पाहणारा माणूस नेमक्या त्याच घालतो. शिवाय सात सीमा आणि सात याद्या असलेल्या रचनेत पुढे कोणी बदल केला तर असलीच चूक पुन्हा शिरायला जागा राहते. मला तिचे म्हणणे पटते.

पूर्ण भागाकाराचा पर्याय लवकर मागे पडला. या दहा अंकी संख्येसाठी ५६,७०१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागणे पुरते, आणि १५१ ही तर छत्तिसावीच मूळ संख्या. पण अठरा अंकी संख्येसाठी शंभर कोटींपर्यंत जावे लागते, आणि तिथवर ५,०८,४७,५३४ मूळ संख्या आहेत. दर पानासाठी एवढे काम परवडत नाही.

यादृच्छिक पायांचा पर्याय मोहक होता. वीस पाये चिठ्ठ्या टाकून घेतले, तर राबिनच्या मर्यादेने फसण्याची शक्यता लाख कोटीत एकाहूनही कमी. तरी तो नाकारला गेला, आणि नाकारण्याचे कारण शक्यतेचे नव्हते. शिकण्यासाठी असलेल्या पानावर आज एक आणि उद्या दुसरे उत्तर येण्याची सैद्धांतिकसुद्धा वाट नको, आणि जिथे सिद्ध झालेले उत्तर स्वस्तात मिळते तिथे ‘बहुधा’ कशाला?

बेली, पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांच्या नावाची जोडकसोटीही चर्चेत आली. ती पाया २ वरची मिलर–राबिन कसोटी आणि ल्युका पद्धतीची कसोटी एकत्र करते. २ च्या ६४ व्या घाताखाली तिला चकवणारी एकही संख्या नाही, हे तपासून झालेले आहे. पण ल्युकाचा भाग नव्याने लिहावा लागला असता आणि नव्या लिखाणाबरोबर नव्या चुकांची शक्यता आली असती.

पाचवा पर्याय सर्वात साधा होता. तक्ताच काढून टाकायचा आणि प्रत्येक संख्येला २ पासून ३७ पर्यंतचे बाराही मूळ पाये लावायचे. सोरेन्सन आणि वेब्स्टर यांच्या निकालानुसार या बारा पायांना चकवणारी पहिली संयुक्त संख्या २४ अंकी आहे. अठरा अंकांच्या कामाला हे कितीतरी जास्त. लहान संख्यांसाठी काही घात उगाच काढले जातील, पण तो वेळ मोजण्यासारखाही नाही. ४,७५,९१,२३,१४१ च्या खाली २, ७ आणि ६१ हे तीनच पाये पुरतात, ही छोटी वाटही कोणीतरी सुचवली. ती घेतली असती तर पुन्हा एक सीमा आणि पुन्हा तोच प्रश्न.

काय केले गेले

सर्वात आधी पानावर सूचना आली आणि सहा संख्यांची पाने थांबवली गेली. इथे संपादक आणि प्रोग्रामर यांच्यात मतभेद झाला. प्रोग्रामरला आधी दुरुस्ती करून मग सांगायचे होते. संपादकाचे म्हणणे, चुकीचे पान कोणीतरी उतरवून घेत असेल तर दर तासाला नुकसान वाढते. संपादकाचे ऐकले गेले.

चिन्ह त्याच दिवशी बदलले गेले. बारा पायांची रचना नंतर, नीट चाचण्या लिहून झाल्यावर आली. या क्रमाचे मी समर्थन करतो. तातडीच्या बदलाबरोबर रचनेचा बदलही घातला असता तर कोणत्या बदलाने काय सुधारले आणि काय बिघडले हे सांगणे अवघड झाले असते.

साठवलेल्या पानांचा प्रश्न जास्त किचकट होता. साधन एकदा काढलेले पान जपून ठेवत असे. नुसती सहा पाने पुसता आली असती. सहकारीने सगळीच पुन्हा काढण्याचा आग्रह धरला : “चूक सहाच ठिकाणी आहे हे आपण तर्काने म्हणतो आहोत. आधी मूळपणाबद्दलही तर्कच होता.” सगळी पाने नव्याने काढली. बदलली ती या सहांपैकी ज्या संख्या कोणी ना कोणी विचारल्या होत्या तेवढीच.

चाचणीच्या यादीत सीमेवरच्या सगळ्या संख्या आल्या. शिवाय १०० पेक्षा मोठे अवयव असलेल्या संयुक्त संख्याही आल्या, आणि पहिला टप्पा बंद ठेवून दुसरा टप्पा एकटा चालवणारी चाचणी वेगळी लिहिली गेली. २०४७ आता दोनदा तपासली जाते, एकदा भागाकाराने आणि एकदा भागाकाराविना.

निष्पत्ती

३,२१,५०,३१,७५१ चे सुधारलेले पान असे आहे : संख्या संयुक्त, मूळ अवयव १५१, ७५१ आणि २८,३५१, विभाजक ८, विभाजकांची बेरीज ३,२४,०७,४७,००८, सहमूळ संख्या ३,१८,९३,७५,०००. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज २,५७,१५,२५७, म्हणजे संख्येच्या मानाने अगदीच किरकोळ. कारमायकेल संख्या असल्याची ओळ नव्याने आली. दोन वर्गांची बेरीज होत नाही, ही ओळ जुन्या पानावरही बरोबर होती. ती संख्येला ४ ने भागून उरणाऱ्या बाकीवर ठरते, मूळपणावर नाही.

जुन्या पानावरच्या बाकी जवळजवळ सगळ्या ओळी एका शब्दावर उभ्या होत्या. ‘मूळ’ हे उत्तर आले, की विभाजक २, बेरीज एकने जास्त, सहमूळ संख्या एकने कमी, हे सगळे न मोजताच लिहिले जाई. वाचणाऱ्याला मात्र त्या एकमेकींना दुजोरा देणाऱ्या स्वतंत्र ओळी वाटत. पानावर खरोखर स्वतंत्रपणे मोजलेली ओळ प्रिमिटिव्ह रूटचीच होती, आणि विसंगती तिथेच दिसली.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठी संधी त्या शोभेच्या ओळीतच होती. ल्युकाच्या प्रमेयानुसार, एखाद्या पायाचा (संख्या वजा १) वा घात १ बाकी देत असेल, आणि (संख्या वजा १) च्या प्रत्येक मूळ अवयवाने घातांक लहान केल्यावर मात्र १ बाकी येत नसेल, तर ती संख्या मूळ आहे. बहुधा नव्हे, निश्चित. प्रॅटने १९७५ मध्ये याच कल्पनेतून मूळपणाचे प्रमाणपत्र तयार करण्याची रीत दिली. साधन यातला दुसरा, जास्त कष्टाचा भाग प्रत्येक मूळ संख्येसाठी करतच होते. पहिला भाग, एक घात आणि एक तुलना, तेवढा राहिला होता.

तो असता तर १५१ लगेच बाद झाला असता, कारण त्याचा कोणताही घात १ बाकी देत नाही. १३,७३,६५३ च्या पानावरचा निरुपद्रवी ५ सुद्धा बाद झाला असता : १,६५७ पाशी त्याचा तो घात उणे १ देतो. संयुक्त संख्येसाठी दोन्ही अटी पाळणारा पाया नसतोच, तेव्हा शोध कुठेच थांबला नसता. प्रोग्रामरला हे आधी दोष वाटले, पान लटकून राहील म्हणून. पण लटकलेले पान कोणीतरी त्याच दिवशी कळवते. १५१ छापलेले पान किती जणांनी मुकाट्याने वाचले असेल याचा पत्ता नाही.

आता ती तुलना घातली आहे, आणि ठरावीक उमेदवारांनंतरही प्रिमिटिव्ह रूट सापडला नाही तर शोध थांबून देखभाल करणाऱ्यांना सूचना जाते. तो आकडा किती असावा यावर बरीच चर्चा झाली. फार लहान ठेवला तर खऱ्या मूळ संख्याही अडकतील, कारण या आकाराच्या मूळ संख्यांत शंभराच्या पुढचा प्रिमिटिव्ह रूट विरळ असला तरी असतो. शेवटी सढळ हाताने मोठा आकडा घेतला गेला.

पहिल्या उत्तराबाबतही एक बदल झाला. एखाद्या ओळीबद्दल शंका आली, तर उत्तर देण्याआधी त्या ओळीतला आकडा आणि दिलेली संख्या यांचा मसावि काढून पाहायचा, आणि मूळ म्हटलेल्या संख्येसाठी आपल्या यादीत नसलेला एखादा पाया लावून पाहायचा. इथे ११, १३ किंवा ६१, यांतला कोणताही पुरला असता.

अठरा अंकांपुढे जाण्याची मागणी अजून प्रलंबित आहे. बारा पाये २४ अंकी सीमेच्या खाली चालतील, पण तिथे (संख्या वजा १) चे अवयव दर वेळी वेळेत निघतील असे नाही, आणि ते निघाले नाहीत तर प्रमाणपत्रही मिळत नाही. अशा पानांवर मूळपणाच्या ओळीत कसोटीचे नाव द्यायचे आणि प्रिमिटिव्ह रूटची ओळ कोरी ठेवायची, असा मसुदा संपादकाने केला आहे. प्रोग्रामरला कोरी ओळ पसंत नाही. त्याला ती ओळच काढून टाकायची आहे.